बुरशी लागलेला दाणा आणि न वाढणारी कोकरं

दाणावैरण

"मेंढी रवंथ करणारी, तिला बुरशीचा दाणा पचतो." हे इतकं रुळलंय की कोंबड्यांसाठी नाकारलेला मका बिनदिक्कत मेंढ्यांच्या गव्हाणीत जातो. यातलं खरं किती आणि कुठपर्यंत, हे एकदा नीट मांडलं जावं म्हणून हा धागा.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक नमुना समोर ठेवतो. ३ ते ५ महिन्यांची कोकरं, सरासरी वजन २५ किलो, दिवसाला १ किलो खुराक. खुराकात मका ४० टक्के, शेंगदाणा पेंड १५ टक्के, बाकी गव्हाचा कोंडा, डाळीचा चुरा, खनिज मिश्रण, मीठ. जंतांचं औषध दिलेलं, लसी झालेल्या, ताप नाही. तरी वजन अडलंय, लोकर रुक्ष आहे, गव्हाणीत खुराक उरतो, काहींची लेंडी पातळ आहे. अशा वेळी बुरशीच्या विषाचा संशय घ्यावा का? घेतला तर कोणत्या विषाचा? आणि दाणा तपासायचा कसा?

रवंथ

"बुरशीचं विष" असा एकच पदार्थ नाही, सगळा घोळ इथूनच सुरू होतो. प्रत्येक विषाचं कोटीपोटात (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचा पहिला, मोठा कप्पा) वेगळं काही घडतं, म्हणून एकेक घेतो.

ऑक्राटॉक्सिन: कोटीपोटातले प्रोटोझोआ हे तोडतात आणि त्याचा जोर जातो. मेंढीबद्दलचा तो समज मुख्यतः या आणि पुढच्या विषाला लागू पडतो.

डीऑक्सिनिव्हॅलेनॉल (गहू, बार्ली आणि मक्यावरच्या फ्युझेरियम बुरशीचं विष): कोटीपोटातले जिवाणू याच्या रेणूतला धोकादायक भागच काढून टाकतात. डुकराला जी मात्रा ओकायला लावते, ती मोठी मेंढी सहज पचवते.

झिअरॅलेनॉन: इथे उलटं घडतं. कोटीपोटात याचं बरंचसं रूपांतर आल्फा-झिअरॅलेनॉलमध्ये होतं आणि ते मूळ विषापेक्षा जास्त तीव्र स्त्री-संप्रेरकासारखं वागतं. म्हणजे पोट विष मारत नाही, धार लावतं.

फ्युमोनिसिन: कोटीपोटात फारसं बदलत नाही, पण आतड्यातून रक्तात शोषलंही थोडंच जातं. प्रमाण खूप वाढलं तर मेंढीत मूत्रपिंड आणि यकृत बिघडतं.

अफलाटॉक्सिन बी१: कोटीपोटात थोडंसंच तुटतं, बाकीचं यकृतात जातं. तिथे त्याचं एक अतिक्रियाशील रूप तयार होतं. मेंढीचं यकृत ते ग्लुटाथायोनला (शरीरातला विष निकामी करणारा पदार्थ) बांधून बाहेर टाकण्यात बऱ्यापैकी तरबेज आहे, म्हणून मेंढी बदक किंवा टर्कीसारखी पटकन मरत नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखावर टर्की मेल्या आणि शोध दूषित शेंगदाणा पेंडीपाशी पोचला, तेव्हा हे विष जगाला कळलं. त्या पातळीवर मेंढी तग धरते. पण मरत नाही म्हणजे नुकसान होत नाही, असं नाही.

आता महत्त्वाचं. कोटीपोटाचं हे संरक्षण वैरणीवर पोसलेल्या, प्रौढ, निरोगी मेंढीचं आहे. साधारण ६ ते ८ आठवड्यांच्या आतल्या कोकराचं कोटीपोट पुरतं चालू झालेलं नसतं, त्याला ही ढाल नाहीच. दुसरं, दाणा वाढवला की कोटीपोटाचा सामू उतरतो, प्रोटोझोआ कमी होतात, पोटातून अन्न पुढे लवकर सरकतं. म्हणजे वाढीसाठी ज्या जनावराला दाण्यावर ठेवतो, त्याचीच ढाल आपण पातळ करतो. विषारी दाणा आणि दुबळं कोटीपोट दोन्ही एकाच गव्हाणीत येतात.

चाळणी

रवंथ यांनी चांगलं मांडलंय. आता नमुन्यातला हिशोब करू. १ पीपीबी म्हणजे १ किलो खाद्यात १ मायक्रोग्रॅम. समजा मक्यात अफलाटॉक्सिन १०० पीपीबी आणि शेंगदाणा पेंडीत ३०० पीपीबी निघालं.

मका: १०० × ०.४० = ४०
पेंड: ३०० × ०.१५ = ४५
एकूण खुराकात ८५ पीपीबी.

पेंड मक्याच्या निम्म्याहून कमी आहे, तरी विषाचा मोठा वाटा तिचा. म्हणून फक्त मका तपासून थांबू नका. सरकी पेंडीचंही तसंच.

तुलनेसाठी, युरोपीय संघाची बी१ची कायदेशीर मर्यादा मोठ्या मेंढ्यांच्या मिश्र खाद्याला २० पीपीबी आहे, दुभत्या मेंढ्या आणि कोकरांच्या खाद्याला ५ पीपीबी. तिथलीच मार्गदर्शक पातळी: डीऑक्सिनिव्हॅलेनॉल कोकरांसाठी किलोला २ मिलिग्रॅम, मोठ्यांसाठी ५; झिअरॅलेनॉन सगळ्या मेंढ्यांसाठी अर्धा मिलिग्रॅम; फ्युमोनिसिन कोकरांसाठी २०, मोठ्यांसाठी ५०. या आकड्यांतली तफावतच सांगते की सगळी विषं एका मापाने मोजता येत नाहीत.

दाणावैरण

म्हणजे ८५ पीपीबी हेच वजन अडण्याचं कारण, असं धरायचं?

लोकरमाप

नाही, आणि इथे घाई करू नका. कोकरांना मुद्दाम अफलाटॉक्सिन देऊन केलेल्या चाचण्यांत वाढ ठळकपणे घटली ती किलोला २ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे २००० पीपीबीच्या पातळीवर. कायद्याच्या मर्यादा इतक्या खाली आहेत, कारण विष दुधात उतरतं आणि ते दूध माणसाच्या, कोकराच्या पोटात जातं. ८५ पीपीबी हे कोकरासाठी नकोच, ते बंद करायलाच हवं. पण वाढ थांबल्याचं सगळं खापर त्यावर फोडलं तर खरं कारण तसंच राहील.

त्या नमुन्यात मी आधी या गोष्टी तपासेन:

कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातले सूक्ष्म एकपेशीय परजीवी. जंतांच्या नेहमीच्या औषधाने ते जात नाहीत. पातळ लेंडी आणि अडलेलं वजन या वयात याचंच लक्षण असतं बहुधा. लेंडीची तपासणी हाच उपाय.

सौम्य आम्लता. दिवसाला १ किलो खुराक एकाच वेळी टाकला आणि लांब तंतूची वैरण कमी पडली तर खाणं एक दिवस भरपूर, दुसऱ्या दिवशी कमी, असं हेलकावतं आणि लेंडी सैल होते. खुराक दोन-तीन वेळा विभागून द्या.

दाण्यातली ऊर्जा. बुरशी सगळ्यात आधी दाण्यातलं तेल खाते. विष शून्य निघालं तरी तो मका हलका झालेला असतो, जीवनसत्त्व ई गेलेलं असतं, चव कडवट झालेली असते. गव्हाणीत खुराक उरतो तो पुष्कळदा यामुळे.

आणि विषाकडे बोट दाखवणारी खूण कोणती? खुराकाची नवी खेप सुरू केल्यावर एका आठवड्यात बऱ्याच जनावरांचं खाणं एकदम घटणं, आणि दाणा बदलल्यावर चार-पाच दिवसांत ते परत येणं. कोकरांचं वजन आठवड्याला एकाच वेळी, सकाळी खुराकाआधी घ्या. नव्या खेपेची तारीख त्याच वहीत लिहा. या वहीइतका उपयोगी पुरावा प्रयोगशाळेतही मिळत नाही.

सूक्ष्मदर्शी

आता तपासणी. अफलाटॉक्सिन दाण्यात सारखं पसरलेलं नसतं. हजार दाण्यांत एखादा दाणा विषाने भरलेला आणि बाकीचे स्वच्छ, असं चालतं. म्हणून पोत्याच्या तोंडाशी हात घालून काढलेला मूठभर मका प्रयोगशाळेत पाठवणं म्हणजे पैसे वाया. यंत्र कितीही चांगलं असलं तरी चुकीचा सर्वात मोठा वाटा नमुना घेण्यातच असतो.

असं करा. खेपेतल्या शक्य तेवढ्या पोत्यांतून, निदान १५ ते २० जागांवरून, पोत्यात खुपसायच्या नळीने वरून, मधून, तळातून दाणा काढा. दाणा ओतला जात असेल तर वाहत्या धारेतून ठरावीक अंतराने पेला भरून घेणं सगळ्यात चांगलं. सगळं मिळून ५ किलो जमवा. हे ५ किलो पूर्ण दळा, बारीक रव्याइतकं. मग ढीग करून चार भाग, समोरासमोरचे दोन ठेवा, परत मिसळा, परत चार भाग, असं करत अर्धा किलो राहू द्या. आधी अर्धा किलो काढून मग दळलं तर सगळी मेहनत फुकट, कारण तो एक विषारी दाणा आत आला की नाही हा निव्वळ नशिबाचा भाग होतो.

नमुना कागदी पिशवीत भरा. ओलसर दाणा प्लास्टिकच्या पिशवीत दोन दिवस राहिला तर बुरशी वाटेतच वाढते आणि अहवाल खोटा येतो.

आणि अफलाटॉक्सिनच तपासून थांबू नका. मका, गहू, बार्ली असेल तर झिअरॅलेनॉन आणि डीऑक्सिनिव्हॅलेनॉल सोबत मागा. एका दाण्यात दोन-तीन विषं एकत्र असणं नेहमीचं आहे.

शिंगाडे_रान

निळा-जांभळा दिवा वापरून मका बघितला तर कळतं ना? हिरवट-पिवळा चमकला की अफलाटॉक्सिन.

सूक्ष्मदर्शी

अर्धं बरोबर. ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली फुटलेल्या दाण्यावर जी चमक दिसते ती अफलाटॉक्सिनची नाही, त्याच बुरशीने बनवलेल्या कोजिक आम्लापासून तयार झालेल्या दुसऱ्या पदार्थाची. बुरशी आत वावरली होती एवढंच ती सांगते. साठवणीत ती चमक फिकी पडत जाते. चमक दिसली तर तपासणीला पाठवा, नाही दिसली म्हणून मोकळे होऊ नका.

तसंच उलट बाजूने: पांढरी, हिरवी बुरशी डोळ्यांना दिसते म्हणून विष असेलच असं नाही, आणि दाणा पिवळाधमक दिसतो म्हणून विष नाही असंही नाही. बुरशी मरते, चाळणीत निघून जाते, विष दाण्यात राहतं.

दाणावैरण

भाजून किंवा उकडून?

रवंथ

उकडून काही होत नाही. अफलाटॉक्सिनचा रेणू २५० अंशांच्या पुढे टिकतो. गोळी खाद्य बनवतानाची वाफ तर त्याच्या जवळपासही पोचत नाही. बुरशी मरते, तेवढंच.

चाळणी

उपयोग होतो तो साध्या चाळणीचा, माझं नाव म्हणून सांगत नाही. फुटका दाणा, चुरा, किडका आणि हलका दाणा यांत फ्युमोनिसिन आणि अफलाटॉक्सिनचा मोठा वाटा असतो. दळण्याआधी मका चाळा, वाऱ्यावर धरा. खाली पडलेला चुरा मेंढ्यांना, कोंबड्यांना, कुणालाच देऊ नका, कंपोस्टात गाडा. लोक चांगला दाणा बाजूला काढतात आणि चुरा "वाया जायला नको" म्हणून जनावरांना घालतात. सगळ्यात घातक सवय ही.

साठवणीचं थोडक्यात. मका १३ टक्के ओलाव्याच्या खाली, शेंगदाण्याचा दाणा ८ च्या खाली, पेंड १० च्या खाली. पोती लाकडी फळ्यांवर, जमिनीपासून १५ सेंटीमीटर वर, भिंतीपासून हातभर दूर. मॉइश्चर मीटर नसेल तर कोरड्या काचेच्या बरणीत मूठ-दोन मूठ दाणा आणि चमचाभर कोरडं मीठ घाला, झाकण लावून जोरात हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे, पोतं शिवू नका. दळलेला खुराक दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढाच दळा. दळलं की दाण्याचं कवच गेलं, बुरशीला दार उघडं.

प्रोपिओनिक आम्ल १५-१६ टक्के ओलाव्याच्या मक्याला टनामागे ३ ते ५ किलो लागतं, ओलावा जास्त असेल तर मात्रा वाढते. पण ते नवी बुरशी थांबवतं, तयार झालेलं विष नाही. त्वचा भाजते, हातमोजे आणि चष्मा घालूनच.

शिंगाडे_रान

आणि मोरचूद? कोंबडी खाद्यात बुरशी रोखायला घालतात ते.

लोकरमाप

मेंढीच्या खाद्यात मोरचूद अजिबात नाही! हे ठळक करून ठेवा. मेंढी तांबं यकृतात साठवते आणि फार हळू बाहेर टाकते. खाद्यात किलोला १५ मिलिग्रॅमच्या वर तांबं दीर्घकाळ गेलं की धोका सुरू होतो. मोरचुदात २५ टक्के तांबं असतं, म्हणजे टनाला फक्त २५० ग्रॅम घातलं तरी किलोमागे ६२ मिलिग्रॅम वाढलं.

त्यात बुरशीच्या विषाने यकृत आधीच मारलेलं असेल तर साठलेलं तांबं एकदम रक्तात सुटतं, तांबड्या पेशी फुटतात. डोळे पिवळे, लघवी गडद लाल-तपकिरी, दोन दिवसांत मृत्यू. शव उघडलं की मूत्रपिंड काळपट निळं दिसतं. कोंबड्यांचं किंवा गायींचं खनिज मिश्रण मेंढ्यांच्या खुराकात वापरू नये, तेही याच कारणाने.

गव्हाण

विषबंधकाबद्दल, म्हणजे पोटात विषाला धरून ठेवणाऱ्या पदार्थाबद्दल, कुणी बोललं नाही. बेंटोनाइट माती टनाला ५ किलो घातलं की प्रश्न मिटतो, असं खाद्यवाले सांगतात.

रवंथ

अफलाटॉक्सिनपुरतं ते बरंच खरं आहे. त्याचा रेणू सपाट आहे, मातीच्या थरांत नीट अडकतो आणि लेंडीतून निघून जातो. खुराकात अर्धा ते दोन टक्के, म्हणजे टनाला ५ ते २० किलो, अशी मात्रा वापरतात. डीऑक्सिनिव्हॅलेनॉल आणि टी-२ (फ्युझेरियमचंच आणखी एक विष) यांना माती जवळजवळ पकडतच नाही, झिअरॅलेनॉनलाही फार थोडं. यीस्टच्या पेशीभित्तिका झिअरॅलेनॉनवर काहीशा चालतात. म्हणून कोणतं विष आहे हे न कळता बंधक घालणं म्हणजे कुलूप न बघता किल्ली विकत घेणं. शिवाय बंधक काही औषधं आणि सूक्ष्मखनिजंही धरून ठेवू शकतं, औषध चालू असताना पशुवैद्यांना तसं सांगा.

आणि बंधक आहे म्हणून ३०० पीपीबीची पेंड निश्चिंतपणे वापरणं, हा मला सगळ्यात न पटणारा भाग. वापरलेली कुबडी मोडत नाही असं कुणी सांगू शकत नाही.

माजाची_नोंद

मी प्रजननाची बाजू जोडते, कारण कळपाचं मोठं नुकसान इथे होतं आणि ते कुणी दाण्याशी जोडत नाही. झिअरॅलेनॉन मेंढ्यांना मेंढ्याकडे सोडण्याआधीच्या दहा-बारा दिवसांत पोटात गेलं तर बीजांडं कमी सुटतात. दिवसाला ३ मिलिग्रॅमपासून पुढे हा परिणाम दिसलेला आहे. म्हणजे किलोला २ मिलिग्रॅम असलेला खुराक दीड किलो खाल्ला की झालं. मेंढी निरोगी दिसते, माजावर येते, मेंढा लागतो, फक्त जुळ्यांऐवजी एकच किंवा रिकामी. एकदा गर्भ धरल्यावर मात्र त्याच विषाचा तेवढा त्रास दिसत नाही. म्हणून मेंढा सोडण्याआधीचा ताकदीचा खुराक सुरू करताना दाणा सगळ्यात स्वच्छ हवा, उरलेलासुरलेला नाही.

दुसरी गोष्ट कणसाची. कणसाच्या बुडापासून वर चढणारी पांढरी बुरशी आणि दाण्यांच्या तळाशी बारीक काळे ठिपके दिसले तर ती स्टेनोकार्पेला मेडिस. मळणीनंतर शेतात राहिलेली कणसं मेंढ्यांनी खाल्ली की पाय फाकवून, उंच उचलून चालतात, थरथरतात, पडतात. शेतातून बाहेर काढलं की बहुतेक मोठ्या मेंढ्या सावरतात. पण मधल्या-शेवटच्या काळातली गाभण मेंढी स्वतः धडधाकट दिसूनही मेलेलं किंवा लगेच मरणारं कोकरू देते. कणसं वेचल्याशिवाय गाभण मेंढ्या त्या शेतात सोडू नका.

अरगटही विसरू नये: राय, गहू, बार्ली यांच्या कणसात दाण्याच्या जागी काळपट शिंगासारखी गाठ. दूध आटतं, उन्हात जनावर धापा टाकतं, जास्त झालं तर कान, शेपूट, खुरांच्या वर रक्तपुरवठा तुटतो. थोडा दाणा असेल तर १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात टाका, गाठी आणि पोकळ दाणे तरंगतात. ते काढा, खालचा दाणा दोनदा स्वच्छ पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी कडक वाळवा. ओला राहिला तर एक संकट काढून दुसरं आणलं.

गव्हाण

ट्रेमध्ये मोड आणलेला चारा देतात, त्याला पांढरी जाळी येते. तो चालतो का?

सूक्ष्मदर्शी

मोडांची ती पांढरी, ताठ, केसाळ मुळं असतील तर काही नाही. पाणी शिंपडल्यावर ती बसतात. दाण्यांभोवती निळसर-हिरवा थर आणि कुबट वास असेल तर पूर्ण ट्रे फेका. मोड आलेल्या दाण्यावर ॲस्परजिलस क्लॅव्हॅटस वाढते. तिच्या विषाने मेंढ्या थरथरतात, हाकलल्या की जास्त थरथरतात, पाय दुमडून पडतात. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या पेशीच मरतात, त्यामुळे यातून सावरणारी जनावरं थोडी. ट्रे प्रत्येक वेळी धुऊन वाळवणं, बी निवडून घेणं, हवा खेळती ठेवणं, याला पर्याय नाही.

दाणावैरण

शेवटचं विचारतो. अफलाटॉक्सिन जास्त निघालं, जनावरं आजारी आहेत. नेमकं काय करायचं?

लोकरमाप

उतारा नाही. त्याच दिवशी तो दाणा आणि पेंड दोन्ही बंद. चांगल्या दाण्यात मिसळून "पातळ" करू नका, त्याने स्वच्छ खेपही बाटते. चार-पाच दिवस चांगल्या वैरणीवर ठेवा, मग स्वच्छ खुराक १०० ग्रॅमपासून चढवत न्या. एकदम दिला तर आम्लता होईल. प्रथिनं कमी पडू देऊ नका, यकृताला सावरायला ती लागतात. जीवनसत्त्व ई आणि सेलेनियम पशुवैद्यांच्या मात्रेनेच, कारण सेलेनियमचा जास्त डोस स्वतःच विष आहे. दूध देणाऱ्या मेंढ्यांत दूषित खाद्य थांबल्यावर दुधातलं एम१ (अफलाटॉक्सिन बी१चं दुधात उतरणारं रूप) साधारण तीन-चार दिवसांत उतरतं, तोवर ते दूध बाजूला.

या विषाने प्रतिकारशक्ती खाली जाते. त्या काळात टोचलेली लस नीट धरली नसण्याची शक्यता असते, पशुवैद्यांशी बोलून पुन्हा टोचायची का ते ठरवा.

एखादं मेलं तर शव उघडून घ्या. यकृत फिकं-पिवळं, कडक, पित्ताशय फुगलेलं दिसलं तरी नुसत्या डोळ्यांवर निदान करू नका. यकृताचा आणि मूत्रपिंडाचा १ सेंटीमीटरपेक्षा जाड नसलेला तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट द्रावणात ठेवा. यकृताचा दुसरा तुकडा बर्फावर, तांब्याच्या मोजणीसाठी. आणि गव्हाणीत उरलेला खुराक झाडून टाकण्याआधी त्यातला दोन किलो कागदी पिशवीत भरून, तारीख लिहून ठेवा. खेप संपून गेल्यावर नेमका तोच मिळत नाही.